शुक्रजंतूंची निवड : काय पाहतात आणि कशासाठी पाहतात

मराठीत ‘वांझ’ हा शब्द आहे. तो बाईला लावतात, गाईम्हशीला लावतात, झाडाला लावतात. पुरुषाला लावीत नाहीत. पुरुषासाठी ‘नामर्द’, ‘षंढ’, ‘नपुंसक’ असे शब्द आहेत, पण त्यांचा अर्थ निराळा आहे. संभोगाची शक्ती नसणे हा तो अर्थ. ज्याची ती शक्ती शाबूत आहे, जो अंगाने धडधाकट आहे, ज्याला वीर्यही येते, पण त्या वीर्यात शुक्रजंतू नाहीत किंवा असून निकामी आहेत, अशा पुरुषाला आपल्या बोलीत नावच नाही. पाठ्यपुस्तकात ‘वंध्य पुरुष’ असा शब्द सापडतो. तो परीक्षेच्या पेपरापुरता. आणि ज्या गोष्टीला भाषेत नाव नाही ती गोष्टच नाही, असे धरून समाजाचा व्यवहार चालतो. मूल होत नाही म्हणजे बाई वांझ, हे समीकरण त्यातूनच पक्के झाले. पुरुषाला ‘तपासून घे’ म्हणणे म्हणजे त्याला नामर्द म्हणणे, असा अर्थ निघतो. आणि तो तपासायला जात नाही.

वस्तुस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या प्रौढांपैकी सुमारे सहातल्या एकाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण असते; कधी ते एकटेच असते, कधी बायकोकडील कारणाच्या जोडीने. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत एक गृहस्थ होते. पहिल्या बायकोला दहा वर्षे मूल झाले नाही म्हणून त्यांनी दुसरी केली. दुसरीलाही झाले नाही. तेव्हा वस्तीने असा निष्कर्ष काढला की दोघीही वांझ. त्या दोघी बारशाला जात नसत, ओटी भरायला त्यांना कोणी बोलावीत नसे. त्या गृहस्थांचे वीर्य तपासावे, हे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही.

हा विचार केवळ अडाणीपणातून आलेला नाही. त्याला ग्रंथाचा आधार आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे आणि श्रेष्ठत्वाचे माप बीजाच्या पदरात टाकले आहे. ह्या रूपकातील लबाडी लक्षात घेण्यासारखी आहे. पीक आले तर ते बियाण्याचे. नाही आले तर जमीन नापीक. जो ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, त्याचे हे गणित अजून अनेक घरांत चालते, आमच्याही घरांत चालते.

युरोप ह्या बाबतीत फार पुढे होता असे मात्र समजू नये. १६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक ह्या कापड-दुकानदाराने स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्यात वळवळणारे जीव पाहिले. ह्या माणसाला विद्यापीठाचे शिक्षण नव्हते, लॅटिन येत नव्हते. त्याने आपली पत्रे साध्या डच भाषेत लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवली. (पहिल्या पिढीत शिकलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस जवळचा वाटतो, हे नमूद करतो.) पण पाहिले म्हणजे समजले असे होत नाही. १६९४ साली हार्टसूकर ह्या शास्त्रज्ञाने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्र छापले. म्हणजे तिथेही बीजातच सगळे आणि आईचे पोट केवळ शेत! सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज फॉन बेअरला दिसले ते १८२७ साली, आणि दोन्हींची केंद्रके एकत्र येतात हे ऑस्कर हर्टविगने समुद्रातील साळूच्या अंड्यात दाखवले ते १८७६ साली. तेव्हापासून बीज आणि क्षेत्र हा भेद शास्त्रात उरला नाही. तेवीस गुणसूत्रे इकडची, तेवीस तिकडची. उलट स्त्रीबीजात केंद्रकाशिवाय वाढीचे अन्न असते, ऊर्जा देणारे घटक असतात आणि शुक्रजंतूने आणलेल्या गुणसूत्रांतील मोडतोड काही प्रमाणात दुरुस्त करण्याची सोयही असते. जमीन बियाण्याची दुरुस्ती करते, असे मनूला सुचले नसते.

वाङ्मय आणि समाजचिंतनाच्या त्रैमासिकात वीर्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर जुनेच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर सभ्य माणसाने लिहूच नये, हे त्यांना मान्य नव्हते. आपण त्यापेक्षा मागे जाण्याचे कारण नाही.

तेव्हा विषयाकडे वळू. पहिली गोष्ट, वीर्य आणि शुक्रजंतू एक नव्हेत. वीर्यातील बहुतेक द्रव मूत्राशयाजवळच्या ग्रंथींतून येतो. वृषणातून येणारा शुक्रजंतूंचा भाग अगदी थोडा. म्हणून नसबंदी केलेल्या माणसाचे वीर्य डोळ्यांना पूर्वीसारखेच दिसते. वीर्य दाट आहे की पातळ आहे यावरून वैदू आणि जाहिरातवाले जे निदान करतात त्याला म्हणूनच अर्थ नाही. शुक्रजंतू दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. त्याची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. डोके अंडाकृती, सुमारे चार-पाच मायक्रॉन लांब. त्यात गुणसूत्रे गच्च आवळून बसवलेली आणि वर स्त्रीबीजाचे कवच भेदणाऱ्या विकरांची टोपी. मानेपाशी ऊर्जेचे कारखाने, आणि मागे लांब शेपूट. बाकी पेशीत जे असते ते त्याने प्रवासासाठी टाकून दिलेले असते.

जागतिक आरोग्य संघटना वीर्यतपासणीची नियमपुस्तिका काढते. पहिली आवृत्ती १९८० ची, सहावी २०२१ ची. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांची वीर्ये तपासून त्यांतील खालच्या पाच टक्क्यांची रेषा तिथे दिली आहे. सहाव्या आवृत्तीप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के आणि आकाराने निर्दोष असे फक्त ४ टक्के. शेवटचा आकडा वाचकांनी पुन्हा वाचावा. बाप झालेल्या माणसाच्याही शंभर शुक्रजंतूंपैकी शहाण्णव वेडेवाकडे असू शकतात: कोणाला दोन डोकी, कोणाची मान मोडलेली, कोणाचे शेपूट आखूड. अहवालात ‘९५ टक्के सदोष’ असे वाचून खचून गेलेले तरुण मी पाहिले आहेत. तो अहवाल नीट वाचून दाखवणारा माणूस त्यांना भेटलेला नसतो.

इतकी पैदास सदोष असताना निसर्ग काम कसे चालवतो? तो वाटेत चाळण्या लावतो. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव ही पहिली चाळणी. ज्याला सरळ पोहता येत नाही तो तिथेच अडकतो. कोट्यवधी निघतात आणि गर्भनलिकेत स्त्रीबीजाच्या आसपास पोचतात ते फार तर काही शेकडा. शिवाय नुसते पोचून भागत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावरच शुक्रजंतूला फलनाची पात्रता येते, हे चँग आणि ऑस्टिन ह्या दोघांनी १९५१ साली स्वतंत्रपणे दाखवले. वीर्याचा द्रव ही पात्रता रोखून धरतो. म्हणून प्रयोगशाळेचे पहिले काम शुक्रजंतू निवडणे हे नसून त्याला वीर्यातून बाहेर काढणे हे असते, आणि बाहेर काढता काढताच निवडही होते.

त्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली पोहणीची. नळीत वीर्य घेऊन त्यावर हळूच पोषक द्रव सोडतात, नळी कलती करून शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत, म्हणजे ३७ अंशांवर, तासभर ठेवतात. ज्यांच्या अंगात पोहण्याचे बळ आहे ते वरच्या स्वच्छ द्रवात चढून येतात. मेलेले, लुळे आणि वीर्यातला कचरा खाली राहतो. वरचा द्रव काढून घेतला की काम झाले. रीत सोपी आहे, पण हाती लागणारी संख्या थोडी असते. ज्याच्याकडे मुळात भरपूर आहेत त्यालाच ती परवडते.

दुसरी रीत आपल्या कोकणातल्या आणि मावळातल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. भाताचे बियाणे पेरण्याआधी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे तरंगतात ते काढून टाकायचे, भरलेले तळाशी बसतात ते धुऊन घ्यायचे. इथेही तत्त्व हेच. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या द्रवाचे दोन थर नळीत एकावर एक रचतात, खालचा दाट, वरचा विरळ. त्यावर वीर्य सोडून नळी यंत्रात गरगर फिरवतात. पक्व शुक्रजंतूच्या डोक्यातील गुणसूत्रे घट्ट आवळलेली असल्यामुळे तो घन असतो. तो दोन्ही थर भेदून तळाशी जातो. अपक्व, मेलेले, इतर पेशी हे सगळे वर थरांच्या सीमेवर अडकतात. मात्र यंत्र जोरात फिरवले तर चांगल्याचेही नुकसान होते. साधे वीर्य थरांशिवाय फिरवले तर सदोष पेशींतून बाहेर पडणारी प्राणवायूची उग्र रूपे शेजारच्या निरोगी शुक्रजंतूंना जाळतात, हे एटकेन आणि क्लार्कसन यांनी १९८८ साली दाखवून दिले. तेव्हापासून थरांची रीत अधिक रूढ झाली.

असे धुतलेले शुक्रजंतू बारीक नळीने गर्भाशयात सोडणे हा स्वस्त उपचार. त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्त्रीबीज बाहेर काढून काचेच्या बशीत फलन करणे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅमला एडवर्ड्स, स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या प्रयत्नांतून अशी पहिली मुलगी जन्माला आली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही हे साधले. पण सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या कामातून जे मूल जन्मले ते महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. सार्वजनिक रुग्णालयात सुरू झालेला हा उपचार पुढे बहुतांशी खाजगी केंद्रांचा धंदा झाला, हा इतिहास वेगळा लिहिण्यासारखा आहे.

बशीतल्या फलनात एका स्त्रीबीजाभोवती पन्नास हजार ते एक लाख शुक्रजंतू सोडत. म्हणजे शेवटची निवड स्त्रीबीजाच्या कवचाकडेच होती. १९९२ साली ब्रसेल्समधील पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा झाल्याचे जाहीर केले, आणि चित्र पालटले. आता कोट्यवधींची गरज उरली नाही. एका स्त्रीबीजाला एक पुरे. ज्याच्या वीर्यात मोजके दहावीस शुक्रजंतू आहेत तोही बाप होऊ शकतो. ज्याच्या वीर्यात एकही नाही, त्याच्या वृषणाचा कण काढून त्यात शोध घेता येतो. पण त्याचबरोबर निसर्गाच्या सगळ्या चाळण्या बाजूला पडल्या. निवडणारा उरला तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस.

तो काय पाहतो? सुमारे चारशे पट मोठे करून पाहतो. शुक्रजंतू एका चिकट द्रवात सोडलेले असतात, म्हणजे त्यांची धावपळ मंदावते. डोके अंडाकृती आहे ना, मान सरळ आहे ना, पुढे सरकतो आहे ना. पसंत पडलेल्याचे शेपूट सुईच्या टोकाने बशीच्या तळाशी दाबून मोडतो. हे क्रूर वाटेल, पण त्याने शेपटावरचे पटल फाटते, वळवळ थांबते आणि स्त्रीबीजात गेल्यावर पुढची क्रिया सुरू व्हायला मदत होते. मग शेपटाकडून सुईत ओढून घेतो. सगळे मिळून काही सेकंदांचे काम. डोक्यातील गुणसूत्रे धड आहेत की तुटलेली, हे त्याला दिसत नाही.

खरी कसोटी लागते ती एकही शुक्रजंतू हलत नसेल तेव्हा. वृषणातून काढलेले शुक्रजंतू बहुधा हलत नाहीत, कारण पोहायला शिकण्याचा टप्पा पुढच्या नळीत असतो आणि तिथवर ते पोचलेलेच नसतात. गोठवून पुन्हा उबेला आणलेल्यांतही पुष्कळसे निपचित पडतात. काही पुरुषांत तर जन्मापासूनच शेपटाची आतील रचना सदोष असते. त्यांचे सगळे शुक्रजंतू जिवंत असूनही आयुष्यात कधी हललेले नसतात. अशा माणसांना श्वासनलिकेचेही विकार असतात, कारण तिथल्या सूक्ष्म केसांची घडण तीच. म्हणजे हलणारा तो जिवंत हे खरे. न हलणारा तो मेलेला हे खरे नाही. मेलेला शुक्रजंतू सुईने आत सोडला तर स्त्रीबीज फुकट जाते, आणि ते स्त्रीबीज मिळवण्यासाठी एका बाईने दहाबारा दिवस इंजेक्शने घेतलेली असतात आणि भूल घेऊन सुई टोचून घेतलेली असते.

जिवंत-मेलेला ओळखण्याची जुनी रीत रंगाची. इओसिन हा लाल रंग घातला की मेलेल्याच्या फाटक्या पटलातून तो आत शिरतो आणि डोके गुलाबी होते; जिवंत पांढराच राहतो. तपासणीला ही रीत चांगली, पण रंगात बुडवलेला शुक्रजंतू उपचाराला वापरता येत नाही. म्हणून दुसरी युक्ती. जेयेंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली ती मांडली, तेव्हा उद्देश केवळ परीक्षेचा होता. शुक्रजंतू कमी क्षाराच्या पातळ द्रवात सोडायचा. जिवंत पेशीचे पटल शाबूत असते. पाणी आत शिरते, कोंडते, पेशी फुगते आणि शेपटाचे टोक वळून त्याची गाठ पडते. मेलेल्याचे पटल फाटलेले. फाटक्या पखालीत पाणी ठरत नाही, तसे आत आलेले पाणी बाहेर जाते आणि शेपूट सरळच राहते. ज्याचे शेपूट वळले तो जिवंत. त्याला लगेच नेहमीच्या द्रवात धुऊन घेतात आणि वापरतात. आधीपासूनच शेपूट वळलेले असलेले काही असतात, म्हणून पातळ द्रवात टाकण्यापूर्वी पाहून ठेवावे लागते. गोठवलेल्यांच्या बाबतीत ही फसगत अधिक.

ह्याच्याही पुढे काही उपाय आहेत. शेपटाच्या टोकावर लेसरचा एक क्षणाचा झोत मारला तर जिवंताचे शेपूट वळते, मेलेल्याचे नाही. पेन्टॉक्सिफिलीनसारख्या औषधाचा थेंब घातला की निपचित पडलेल्यांतले काही थरथरू लागतात. मग ओळख पटते. आणि ज्या प्रयोगशाळेत यातले काहीच नाही तिथे अनुभवी हात सुईच्या टोकाने शेपूट हलवून पाहतो. जिवंताचे शेपूट डोक्याला न हलवता लवते आणि परत येते; मेलेल्याचे काठीसारखे डोक्यासकट वळते. मला ह्या सगळ्यात ही शेवटची परीक्षा विशेष वाटते. कोणतेही यंत्र नाही. वर्षानुवर्षे पाहून तयार झालेले बोटांचे ज्ञान आहे. असे ज्ञान आपल्याकडे चांभाराच्या, विणकराच्या, सुइणीच्या हातात होते आणि त्याला कोणी ज्ञान म्हटले नाही. प्रयोगशाळेत आले की त्याला पदवी मिळते.

आता पैशाविषयी. मूल हवे असलेले जोडपे काहीही द्यायला तयार असते, आणि ज्याला नकार देता येत नाही अशा गिऱ्हाइकाभोवती बाजार नेहमी जमतो. ‘अधिक चांगला शुक्रजंतू निवडून देऊ’ म्हणून वाढीव दराच्या रीती विकल्या जातात. एकीत सहा हजार पटींहून मोठे करून डोक्यातील खड्डे पाहतात. दुसरीत स्त्रीबीजाभोवतीच्या हायलुरोनन ह्या पदार्थाचे ठिपके बशीत लावतात आणि त्यांना चिकटणारा शुक्रजंतू पक्व समजून उचलतात. तिसरीत मरणपंथाला लागलेल्या पेशींना लोहचुंबकाने बाजूला ओढतात. कल्पना एकापेक्षा एक तर्कशुद्ध आहेत. पण तर्क बरोबर असणे आणि घरात मूल येणे ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. हायलुरोननची रीत ब्रिटनमध्ये २७७२ जोडप्यांवर रीतसर तपासली गेली आणि निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला: ह्या रीतीने २७.४ टक्के जोडप्यांना पूर्ण दिवसांचे मूल झाले, साध्या रीतीने २५.२ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे. गर्भपात थोडे कमी झाले, एवढे मात्र दिसले. सहा हजार पटींच्या रीतीचाही सर्वांना फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून जमीन गहाण टाकून, बायकोचे डोरले विकून आलेल्या माणसाने एक प्रश्न विचारावा: ह्या जादा पैशाने मूल होण्याची शक्यता कितीने वाढते, आणि ते कोठे तपासले गेले आहे? विचारणाऱ्याचा पोशाख पाहून ह्या प्रश्नाचे उत्तर टाळले जाते, हेही मी पाहिले आहे. तरी विचारावे.

आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. वीर्यात शुक्रजंतू नसण्याचे वा अगदी कमी असण्याचे कारण काहींच्या बाबतीत वाय गुणसूत्राचा तुटलेला तुकडा हे असते. सुईच्या उपचाराने मुलगा झाला तर तो तुकडा त्याच्याकडेही तुटलेलाच जातो. बापाची अडचण मुलाच्या वाट्याला येते. ह्यासाठी रक्ताची तपासणी आहे. ती उपचाराआधी व्हायला हवी.

निवड म्हटली की आपल्या समाजाच्या मनात जिवंत-मेलेला हा भेद येत नाही. मुलगा-मुलगी हा येतो. मुलगी होणार की मुलगा हे शुक्रजंतूवर ठरते. एक्स गुणसूत्राच्या शुक्रजंतूत वायच्यापेक्षा सुमारे २.८ टक्के अधिक गुणद्रव्य असते. १९७३ साली एरिक्सन ह्या अमेरिकन संशोधकाने प्रथिनांच्या थरांतून पोहायला लावून वाय-शुक्रजंतू वेगळे करता येतात असे जाहीर केले. पुढच्या तपासण्यांत तो दावा टिकला नाही, पण आपल्याकडे त्याचे गिऱ्हाईक तयारच होते. गर्भलिंगतपासणीवर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. १९९४ चा केंद्रीय कायदा गर्भ राहिल्यानंतरच्या तपासणीपुरता होता. मुंबई-पुण्यातील संस्था आणि साबू जॉर्ज यांच्या सर्वोच्च न्यायालयातील याचिकेनंतर २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची निवडही त्यात आली. जनावरांत मात्र हीच निवड राजरोस होते; कालवडच व्हावी म्हणून निवडक रेतन मिळते. गाईच्या बाबतीत मादी हवी, बाईच्या बाबतीत नको!

आणि मग ‘उत्तम बीज’. रॉबर्ट ग्रॅहम नावाच्या अमेरिकन धनिकाने १९८० साली कॅलिफोर्नियात नोबेल विजेत्यांच्या वीर्याची पेढी काढली. ट्रान्झिस्टरच्या शोधात वाटा असलेले आणि काळे लोक जन्मतःच बुद्धीने कमी असतात असे सांगत फिरणारे शॉकली यांनी तिथे वीर्य दिल्याचे उघडपणे सांगितले. १९९९ साली पेढी बंद पडली. दोनशेहून अधिक मुले जन्मली. त्यांतले एकही नोबेलवाल्याचे नव्हते. आपल्याकडे नोबेल मागत नाहीत, जात मागतात. दाता आमच्याच जातीचा हवा, गोरा हवा, अशा मागण्या होत असल्याचे वृत्तपत्रांतून वेळोवेळी आले आहे. चारशे पटींनी पाहा, सहा हजार पटींनी पाहा, शुक्रजंतूवर जात दिसत नाही. ती विचारणाऱ्याच्या अर्जावर असते. २०२१ चा सहाय्यक प्रजननाचा कायदा २०२२ च्या जानेवारीत अमलात आला. त्याने दात्याचे वय २१ ते ५५ ठरवले, त्याची ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन घातले, आणि एका दात्याचे बीज एकाहून अधिक जोडप्यांना द्यायला मनाई केली. नाव गुप्त राहते. पण आडनाव न सांगता जात सांगण्याच्या शंभर रीती आपल्या देशाला ठाऊक आहेत.

हे सगळे पुढचे झाले. सुरुवात होते ती साध्या वीर्यतपासणीने, आणि ती आजही बायकोच्या सगळ्या तपासण्या संपल्यानंतर होते. ती आधी व्हावी. तिला सूक्ष्मदर्शक, मोजणीची काचपट्टी आणि जाणता माणूस एवढेच लागते. टोचावे लागत नाही, कापावे लागत नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यावा, तो अंगाच्या उबेत राहावा आणि तासाभराच्या आत तपासला जावा. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणजे आजच्या अहवालात अडीच महिन्यांपूर्वीपासूनचा हिशेब असतो. मध्ये जोराचा ताप येऊन गेला असेल, भट्टीपाशी काम असेल, फवारणीचे औषध अंगावर येत असेल, तर ते त्यात उमटते. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे एका कीटकनाशक कारखान्यातील कामगारांच्याच लक्षात आले की आपल्यापैकी कोणाला मुले होत नाहीत. तपासणी झाली तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते. डीबीसीपी हे ते औषध. १९७९ साली अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर थांबला; मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत मात्र मजुरांच्या अंगावर ते पडत राहिले, आणि पुढे हजारो मजुरांनी न्यायालयात दावे लावले. तेव्हा तपासणीला जाताना काय काम करतो हे सांगावे, विचारले नाही तरी सांगावे. एक अहवाल वाईट आला तर त्यावर थांबू नये. पुन्हा तपासावे, मध्ये ताप किंवा फवारणी असेल तर तीन महिने जाऊ द्यावेत. आणि दोन्ही वेळा एकही शुक्रजंतू दिसला नाही तर वाट बंद आहे की पैदासच थांबली आहे हे मूत्रविकारतज्ज्ञाकडून पाहून घ्यावे, कारण वाट बंद असलेल्यांच्या वृषणात शुक्रजंतू बहुधा भरपूर सापडतात.